पोटमाळ्यावरचा सर्व्हर दार उघडेना

गुरुवारी सकाळी साडेअकराला अण्णांचा फोन आला. "अगं, लाइट आली, पण तुझं ते वरचं यंत्र कुणाला आतच घेत नाहीये. साताऱ्याचे काका नाश्ता करून बसलेत फाइलींची वाट बघत."

अण्णांचं अक्षरजुळणीचं दुकान नारायण पेठेत आहे. दुकान हा त्यांचाच शब्द. गणपती गेले की तिथे दिवाळी अंकांची पानं लागायला सुरुवात होते आणि घटस्थापनेपर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. सगळी पानं पोटमाळ्यावरच्या एका जुन्या डेस्कटॉपवर असतात. त्यावर मी उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सची एक प्रणाली, घालून दिलंय आणि त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. साताऱ्याचे मुद्रितशोधक काका, कोथरूडच्या चित्रकार बाई आणि रात्री दोनला बॅकअप ओढणारा माझ्या घरचा संगणक, सगळे त्याच्यात एसएसएचनेच, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीनेच, शिरतात. मी पूर्वी हिंजवडीला नोकरी करायचे. आता कर्वेनगरात घरी बसून अशी चार-पाच दुकानं सांभाळते.

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. कधी नळाला पाणी नाही, कधी वीज नाही, आणि एखादा गुरुवार दोन्ही नाही. त्या दिवशी आठपासून लाइट नव्हती. यूपीएसने वीसेक मिनिटं कळ काढली असेल. अकराच्या सुमारास वीज आली, यंत्र आपलं आपण चालू झालं आणि तेव्हापासून हा प्रकार.

मी घरून एसएसएच केलं. एंटर दाबायचा अवकाश, उत्तर हजर: कनेक्शन रिफ्यूज्ड.

आणि इथून पुढचा एक तास मी निव्वळ वाया घालवला. किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, खराब झाली असेल म्हणून तिचे अधिकार तपासले, ६०० होते, म्हणजे फक्त मालकापुरते, ठीक होते. ओळखीच्या यंत्रांच्या यादीतून सर्व्हरची जुनी नोंद काढून टाकली. नवी किल्ली बनवायलाही घेतली होती. पंधरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईने असं करावं, याची मला आजही लाज वाटते, कारण उत्तर पडद्यावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं. 'एरर आला' एवढंच माझ्या डोक्यात गेलं होतं. गिऱ्हाइकांनी असं केलं की मी त्यांच्यावर चिडते.

चहा घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

एसएसएच लागत नाही म्हणजे बहुतेकदा चारांपैकी एक गोष्ट असते. 'टाइम्ड आउट' म्हणजे दार वाजवलं, वाजवलं, पण आतून हूं की चूं नाही. बहुतेकदा मधल्या फायरवॉलने, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या नाक्याने, तुमची हाक गिळलेली असते, नाहीतर यंत्रच बंद असतं. 'नो रूट टू होस्ट' म्हणजे त्या घरापर्यंत वाटच सापडत नाही. 'परमिशन डिनाइड' म्हणजे दार उघडलं, तुमचं तोंड पाहिलं, आणि ओळख पटली नाही. किल्ली, पासवर्ड, फाइलींचे अधिकार हे सगळं या शेवटच्या पायरीवर येतं. आणि 'रिफ्यूज्ड' म्हणजे समोरचं यंत्र जागं आहे, नेटवर्क धड आहे, हाक पोचली आहे, आणि त्याने तत्काळ, स्पष्ट सांगितलंय की या दारामागे कुणीही बसलेलं नाही. किल्ली दाखवायची वेळच आलेली नाही. मी तासभर किल्ली घासत बसले होते आणि दाराला कुलूपच नव्हतं, कारण दारच नव्हतं.

म्हणजे रिफ्यूज्ड ही तशी चांगली बातमी. फक्त नाही म्हणतंय ते नक्की कोण, हे बघायला हवं.

वीज जाऊन आली की दुकानाच्या राउटरला नवा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो. आम्ही त्यासाठी एक नाव घेतलंय, पत्ता बदलला की त्या नावामागचा पत्ताही बदलतो. पण तो बदलला नसेल, तर मी कुणा भलत्याच माणसाच्या राउटरवर टकटक करत असणार आणि तो बिचारा नाही म्हणत असणार. अण्णांकडच्या पानं लावणाऱ्या मुलाला फोन केला, म्हटलं, 'माझा आयपी काय' असं गूगलवर शोध आणि आकडे वाच. आकडे जुळले. मग राउटरच्या पानावरचा पत्ताही वाचायला लावला, तो १०० ने सुरू होत नव्हता. मागे एकदा इंटरनेटवाल्याने न सांगता दुकानाची लाइन सामायिक पत्त्यावर टाकली होती. राउटरला १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला पत्ता मिळाला की समजायचं, बाहेरून आत यायची वाट बुजली. तेव्हा दोन दिवस भांडून स्वतंत्र पत्ता परत मिळवला होता. या वेळी तसं काही नव्हतं.

दुसरा संशय फेलटूबॅनवर. चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना तो काही काळ बाहेर काढतो, आणि त्याची पद्धत अशी की बाहेर काढलेल्याला नुसतं गप्प न ठेवता नकार पाठवतो. म्हणजे पडद्यावर तेच 'रिफ्यूज्ड'. कदाचित माझ्या घरच्या पत्त्यालाच त्याने काळ्या यादीत घातलं असेल. फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावरून, म्हणजे वेगळ्या पत्त्यावरून, करून पाहिलं. तिथेही रिफ्यूज्ड.

मग त्या मुलालाच म्हटलं, दुकानातल्या विंडोजवरून सर्व्हरला हाक मार. राउटरला वळसा, थेट आतल्या आत. विंडोज १० मध्ये एसएसएच आयतं असतं, काही बसवावं लागत नाही. काळी खिडकी उघड, एस एस एच लिही, जागा सोड.

"ताई, हे काहीतरी भलतंच उमटतंय."

मराठी टंकनाचा कीबोर्ड चालूच राहिला होता. तो बंद करून पुन्हा लिहिलं. वापरकर्त्याचं नाव, मग ॲटची खूण, मग १९२.१६८.१.५०.

"काय आलं?"

"कनेक्शन रिफ्यूज्ड. असंच यायला हवं होतं का?"

असंच यायला नको होतं, पण बरं झालं. राउटर सुटला, इंटरनेटवाला सुटला, नाव-पत्ता सुटला. आणि त्याच विंडोजवरून सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर मात्र उघडत होतं, त्याची पानं व्यवस्थित लागत होती. यंत्र ठणठणीत, फक्त एसएसएचच्या दाराशी कुणी नाही. हे घरून सुटणारं नव्हतं. स्कूटर काढली.

भुरभुर पाऊस होता. कर्वे रस्त्याने नळस्टॉप, मग डेक्कन, आणि झेड पुलावरून पलीकडे केळकर रस्त्याला. गाडी लावायला नेहमीसारखा वेळ गेला. तारीख सम, माझी बाजू विषम.

पोटमाळ्यावर उभं राहता येत नाही. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे बाजूला सारले, खालचा एक मॉनिटर वर चढवला, कीबोर्ड जोडला आणि मांडी घालून बसले. अण्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून बघत होते. त्यांना यातलं काही कळत नाही, पण कुणी काम करत असताना शेजारी उभं राहणं ते कर्तव्य मानतात.

एसएसएच सेवेची स्थिती विचारली. उत्तर: इनॅक्टिव्ह, आणि पुढे कंसात, डेड.

"मेलंय?" अण्णा म्हणाले. तेवढं इंग्रजी त्यांना येतं.

मलाही तसंच वाटलं. मेलं असेल तर का मेलं, म्हणून सेटिंगची फाइल बरोबर आहे का ते तपासणारी आज्ञा दिली, एसएसएचडी -टी. सगळं बरोबर असेल तर ही आज्ञा काहीच बोलत नाही. इथे बोलली: प्रिव्हिलेज सेपरेशनसाठी लागणारी, रन फोल्डरातली एसएसएचडी डिरेक्टरी सापडत नाही. आता मला वाटलं, वीज जाताना डिस्कचं काहीतरी बिघडलं. हाताने ती डिरेक्टरी बनवली, पुन्हा तपासलं, आता गप्प. पण सेवा अजून मेलेलीच आणि माझ्या डोक्यात डिस्क, केबल, नवा एसएसडी, खर्च, अण्णांचा चेहरा असं सगळं फिरायला लागलं.

दोन्ही गोष्टी बिघाड नव्हत्याच. हे पाच मिनिटांनी कळलं, जेव्हा मी शेवटी तो प्रश्न विचारला जो पहिल्यांदा विचारायला हवा होता: या यंत्राच्या कुठल्या दारावर, म्हणजे कुठल्या नंबराच्या पोर्टवर, कोण बसलंय? त्याची आज्ञा एसएस -टीएलएनपी. यादी आली. फोल्डरवाल्या सांबाचं ४४५ होतं. २२, म्हणजे एसएसएचचं नेहमीचं दार, कुठेच नव्हतं. आणि एका ओळीत २२०७ होतं, त्याच्यापुढे बसणाऱ्याचं नाव एसएसएचडी, म्हणजे एसएसएचची हाक घेणारा प्रोग्राम, नाही, तर सिस्टिमडी, म्हणजे यंत्रातल्या सगळ्या सेवा चालू-बंद करणारा.

२२०७ हा आकडा पाहिला आणि पाठीतून थंडी गेली. तो माझाच होता.

झालं होतं असं. त्याआधीच्या रविवारी मी उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेलं होतं. ते करताना सर्व्हरच्या नोंदी चाळल्या, तर २२ नंबरच्या दारावर जगभरातून लोक पासवर्ड चाचपडत होते. माणसं नव्हेतच ती, यंत्रंच. ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पाय अशी नावं घेऊन रात्रंदिवस एकामागून एक. हा नंबर सगळ्यांना पाठ. फिनलंडमध्ये तातू यल्योनेन याने १९९५ साली एसएसएच लिहिलं ते टेलनेट आणि एफटीपी या जुन्या सोयींची जागा घ्यायला. एफटीपीचा नंबर २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता, तो त्याने मागून घेतला. त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून वाचले, त्यातून हे सगळं सुरू झालं, आणि आता त्याच दारावर पासवर्ड चोरणाऱ्यांची रांग.

दुसरा नंबर घेतला म्हणजे सुरक्षा वाढते असं मी म्हणणार नाही. खरी सुरक्षा पासवर्ड बंद करून फक्त किल्लीवर ठेवण्यात आहे, ती मी आधीच केली होती. पण नोंदींतला गोंगाट कमी होतो आणि कामाची ओळ डोळ्याला दिसते. म्हणून मंगळवारी रात्री घरून मी सेटिंगच्या फाइलीत पोर्टची ओळ २२०७ केली, एसएसएच रीस्टार्ट केलं, आज्ञेने तक्रार केली नाही. नव्या नंबरावर जाऊन पाहिलं, लागलं नाही. ते अपेक्षित होतं, राउटरवर आणि फायरवॉलमध्ये मी २२०७ अजून उघडलंच नव्हतं. जुन्या २२ वर पाहिलं, तर तो चालू! हे मात्र अपेक्षित नव्हतं. पण रात्रीचे बारा वाजले होते. रीस्टार्ट नीट झाला नसेल, शनिवारी तिकडे जायचंच आहे तेव्हा बघू, असं म्हणून झोपले. मंगळवारी पेरलं ते गुरुवारी उगवलं.

रीस्टार्टने काही का झालं नाही, ते समजायला जुन्या वाड्याची रचना आठवावी. मालक ओसरीवर नसतो, दाराशी नसतो. दाराशी देवडी असते आणि देवडीवर पहारेकरी. कुणी आलं की तो मालकाला उठवतो. पूर्वी एसएसएच हा स्वतःच दाराशी बसणारा मालक होता. उबंटूने ऑक्टोबर २०२२ च्या २२.१० आवृत्तीपासून रीत बदलली. दाराशी आता सिस्टिमडी बसतो, पहिली हाक आली की तो एसएसएचला जागं करतो आणि कनेक्शन त्याच्या हाती देतो. कशासाठी, तर कुणी येतच नसेल तर काही एमबी मेमरी वाचावी म्हणून. सोळा जीबीच्या यंत्रात. असो.

म्हणजे 'इनॅक्टिव्ह, डेड' हा मृत्यू नव्हता, मालक झोपला होता. यंत्र चालू झाल्यापासून बरोबर दारावर एकही हाक आली नव्हती, मग उठेल कशाला? आणि ती न सापडणारी डिरेक्टरीही तशीच. रन हे फोल्डर मेमरीतलं, दर वेळी यंत्र बंद झालं की पुसलं जातं, आणि त्यातली एसएसएचडी डिरेक्टरी सेवा पहिल्यांदा उठते तेव्हाच बनते. सेवा उठलीच नव्हती.

मंगळवारी मी मालकाच्या वहीत दाराचा नवा नंबर लिहिला आणि मालकाला झोपेतून उठवून परत झोपवलं. देवडीवरच्या पहारेकऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तो २२ वरच बसून राहिला. गुरुवारी वीज गेली, वाडा पुन्हा उघडला, आणि यंत्र सुरू होताना पहारेकऱ्याची चिठ्ठी त्या वहीतून नव्याने लिहिली जाते. त्यात २२०७ होतं. तो निमूटपणे तिकडे जाऊन बसला. राउटर मात्र सगळ्यांना २२ कडेच पाठवत होता, आणि फायरवॉलला २२ चालत होतं म्हणून हाक आतपर्यंत पोचत होती. आत कुणी नाही, म्हणून नकार. फायरवॉलमध्ये २२ उघडं नसतं तर नकाराऐवजी शांतता मिळाली असती आणि मी राउटरच्या मागे लागून संध्याकाळ केली असती.

सगळ्यात झोंबलं ते पुढचं. २४.०४ बरोबर येणाऱ्या सेटिंगच्या नव्या फाइलीत पोर्टच्या ओळीशेजारीच सूचना लिहिलेली आहे की नंबर बदललात तर आधी डेमन-रीलोड करा, म्हणजे चिठ्ठी नव्याने लिहा, आणि मग एसएसएच डॉट सॉकेट, म्हणजे देवडीवरचा पहारा, रीस्टार्ट करा. ज्या बाईला हे सांगायला हवं होतं तिच्यासाठीच लिहिलेली. पण आवृत्ती बदलताना यंत्राने विचारलं होतं, तुमची जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? मी म्हटलं, माझीच ठेव. माझ्या जुन्या फाइलीत ती सूचना नव्हती.

दुरुस्ती दहा मिनिटांची. २२ वर परत जाणं सोपं होतं, पण इतकं झाल्यावर माघार घ्यावीशी वाटेना. फायरवॉलमध्ये २२०७ उघडला, डेमन-रीलोड केलं, सॉकेट रीस्टार्ट केलं, राउटरवर २२ ची वाट काढून २२०७ ची घातली. दुकानातल्या विंडोजवरून आतल्या पत्त्यावर लागलं. मग त्याच विंडोजवरून बाहेरच्या नावाने पाहिलं, तर लागेना. पुन्हा पोटात गोळा. पण हा राउटरचा स्वभाव होता. घरातल्या घरातून बाहेरचा पत्ता विचारला की काही राउटर गोंधळतात. फोनच्या मोबाइल डेटावरून केलं आणि आत गेले. फायरवॉलमधला २२ मात्र हे सगळं दोनदा पाहून झाल्यावरच बंद केला.

अण्णा तिसऱ्या पायरीवरच होते. "म्हणजे लाइट गेली म्हणून नाही?"

"लाइट गेली म्हणून कळलं."

"मग बिल कुणाला लावायचं?"

मी गठ्ठे जागेवर लावायला घेतले.

खाली उतरून चित्रकार बाईंना नवा नंबर कळवला, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदलला आणि साताऱ्याला फोन लावला. काकांना विनएससीपी या फाइली आणायच्या प्रोग्राममध्ये पोर्टचा चौकोन सापडायला थोडा वेळ लागला. मग ते थांबले.

"हे विचारतंय की या सर्व्हरची ओळख नाही, विश्वास ठेवायचा का. आणि खाली अक्षरांची लांबलचक माळ आहे. होय म्हणू?"

नंबर बदलला की ओळखही नव्याने विचारली जाते, सर्व्हरची स्वतःची किल्ली तीच असली तरी. बाकी कुणीही न वाचता होय म्हणतं, मीसुद्धा कित्येकदा. तसं म्हणणारही होते, पण पडद्यावर सर्व्हरच्या किल्लीची खरी माळ माझ्यासमोर उघडीच होती.

"काका, जुळवून बघायची असते खरं तर. त्रेचाळीस अक्षरं आहेत."

"वाच ना मग. माझ्याकडे पेन्सिल आहे."

मी वाचत गेले, मोठं, लहान, आकडा. पलीकडून प्रत्येक अक्षरावर बारीक हुंकार. सव्विसाव्यावर हुंकार आला नाही.

"थांब. तू आत्ता लहान एल म्हणालीस. इथे मोठा आय आहे. नीट बघ."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मोठा आय होता.